रात्री येणारे सीपीयू

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. पॉवर सप्लाय जळलाय, मॉनिटरवर रेघा येतायत, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, असल्या तक्रारी भर दुपारी येत. मोटरसायकल स्टँडवर लावता लावताच गिऱ्हाईक काय बिघडलंय ते मोठ्यानं सांगे. व्हायरस लागलेला सीपीयू मात्र शटर निम्मं खाली ओढल्यावर यायचा. जुन्या चादरीत गुंडाळलेला तो डबा काउंटरवर ठेवून आणणारा आधी मागं वळून बघायचा, दुकानात आणखी कोणी आहे का. मग हळू आवाजात म्हणायचा, "जरा हँग होतोय. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका. आतलं काही बघू नका."

हे शेवटचं वाक्य त्यानं इतक्या तोंडांतून ऐकलं, की गिऱ्हाईक बोलायच्या आधीच तो म्हणू लागला, "मी फक्त बिघाड बघतो."

२००४ साली त्यानं साताऱ्यात सुरुवात केली. २०१४ पासून तो सांगलीत, विश्रामबागेत आहे. आपलं नाव छापू नका, ही त्याची एकच अट. "माझं नाव आलं की गल्ली कळेल, आणि गल्ली कळली की घर कळेल," तो म्हणाला. म्हणून इथं त्याचं नाव नाही, आणि ज्या घरांबद्दल लिहिलंय त्यांच्या ओळखीच्या खुणाही पुसल्या आहेत.

त्या काळी घरचा कॉम्प्युटर कुणा एकट्याचा नसे. मुलाच्या बारावीसाठी नाहीतर मुलीच्या एमएस-सीआयटीच्या सरावासाठी तो हप्त्यावर घेतलेला असे. जागा ठरलेली: बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी, वर विणलेलं कव्हर. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची आणि की-बोर्डच्या फटींत हळदकुंकू पुढं महिनोन् महिने राहायचं. वडील त्यावर अर्ज टाइप करत, मुलगा गेम खेळे, सुट्टीला आलेले मामा लग्नाचे फोटो टाकून जात. सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन, तेही बिनपासवर्डाचं. त्यामुळे पडद्यावर काही वावगं उमटलं की ते कुणी आणलं याचा पत्ता लागत नसे आणि घरात चौकशी सुरू होई. संशय पहिल्यांदा कुणावर जायचा हेही ठरलेलं होतं. घरातल्या मिसरूड फुटलेल्या मुलावर.

आणि त्याच्या अनुभवात बहुतेक वेळा तो मुलगा निर्दोष असायचा.

बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत सुरू झालं, पण ते गल्लीबोळांत पोचायला वेळ लागला. तोवर व्हायरस हिंडायचे पेनड्राइव्हवरून. छपाईचं दुकान, फोटो स्टुडिओ, कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, कुठंही पेनड्राइव्ह लावला की तिथला किडा त्यावर चढे. विंडोज एक्सपीला एक घातक सवय होती. पेनड्राइव्हवर 'ऑटोरन' नावाची छोटी फाइल असली, तर डबल क्लिक करताच तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम ती चालवायची. मायक्रोसॉफ्टनं २०११ च्या फेब्रुवारीत अपडेट पाठवून पेनड्राइव्हपुरती ही सवय मोडली. पण आपल्याकडे पन्नास रुपयांच्या सीडीवरून टाकलेली विंडोज सर्रास चाले आणि तिचे अपडेट बंद करून ठेवलेले असत. औषध निघालं होतं, पण ते घ्यायचा रस्ताच बंद होता.

त्या काळातला एक किडा त्याला अजून स्वप्नात दिसावा इतका पाठ आहे. तो पेनड्राइव्हवर स्वतःची प्रत ठेवायचा आणि तिला चित्र द्यायचा पिवळ्या फोल्डरचं. नाव द्यायचा तिथं आधीच असलेल्या एखाद्या फोल्डरचं. फाइलच्या नावाची शेपटी असते डॉट ईएक्सई, पण विंडोज ओळखीच्या शेपट्या लपवून ठेवते. म्हणजे 'साखरपुडा' नावाचं फोल्डर समजून आत्यानं क्लिक केलं, की ती प्रोग्रॅम चालवत असे. पुढच्या पिढीतले किडे खरी फोल्डरं लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवायचे. "सगळे फोटो गेले वो," म्हणत लोक यायचे. तो पेनड्राइव्हवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज दाखवायचा: आठ जीबीतले सात भरलेले आहेत. फोटो जाग्यावर आहेत, फक्त पडद्याआड आहेत. काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा दिली की ते परत दिसू लागत. ज्या बाईंना त्यानं त्यांच्या वारलेल्या आईचे फोटो असे परत दाखवले, त्या काउंटरवर डोकं टेकून रडल्या होत्या. या कामाचे तो तीस रुपये घ्यायचा, त्यांच्याकडून घेतले नाहीत.

साताऱ्यातल्या दुरुस्तीवाल्यांना त्या काळात एका गोष्टीचा अभिमान होता, आणि त्यालाही. बाकावर येणाऱ्या बहुतेक मशिनांत जो अँटिव्हायरस असायचा तो क्विक हील, आणि तो बनवणाऱ्या कैलाश काटकरांचा जन्म कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचा. दहावीनंतर शिक्षण सोडून काटकर पुण्यात महिना चारशे रुपयांवर रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. पुढं स्वतःचं दुरुस्तीचं काम काढलं. धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी आग्रह करून कॉम्प्युटर शिकायला लावलं आणि तो पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात शिकला. दुरुस्तीला आलेली मशिनं तेच ते व्हायरस घेऊन पुन्हा पुन्हा येतात, हे दोघा भावांना रोज दिसत होतं. संजयनं त्यावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिले. त्यांतून १९९५ साली क्विक हील बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनं तेच नाव धारण केलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे शेअर बाजारात आले. प्रयोगशाळेत बसून नव्हे, गिऱ्हाइकाचं मशीन उघडून हे औषध सापडलं, याचं त्याला सगळ्यात जास्त मोल वाटतं. तो स्वतः रोज तेच करत होता.

गंमत अशी, की पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जातो तोही दोन भावांनीच लिहिला. १९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी 'ब्रेन' लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या कुणी चोरून प्रती काढू नयेत, असा त्यांचा उद्देश होता. त्यांनी त्या व्हायरसात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. ज्याचं मशीन बाधलं तो फोन करी. आज हे सांगितलं की त्याच्या दुकानातली नवी पोरं विश्वास ठेवत नाहीत. व्हायरस लिहिणारा उघड्या नावानं पत्ता देतो, आणि ज्याला तो लागला तो चादरीत गुंडाळून रात्री येतो! या व्यवहारात लाज नको त्या माणसाच्या वाट्याला आली आहे, हे लेखकाला या सगळ्यातलं सर्वात दुखरं वाटतं.

साताऱ्यातलं एक घर तो विसरत नाही. २०१२ चा सुमार. निवृत्त मुख्याध्यापक, घरात त्यांना अण्णा म्हणत. चारधाम करून आले होते आणि मावंद्याला पाहुणे जमले होते. जेवणं झाल्यावर अण्णांनी कॉम्प्युटर लावला. नेटवर ठेवलेले बद्रीनाथचे फोटो एकेक करून दाखवत असताना कोपऱ्यात एक खिडकी उघडली आणि तिच्यात उघडीवाघडी जाहिरात. बंद केली, दुसरी उघडली. खोलीत व्याही होते, सुना होत्या. अण्णांनी मेन स्विच बंद केला, वळले, आणि अकरावीतल्या नातवाच्या कानशिलात मारली. पोरगं काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला सीपीयू दुकानात आला. अण्णा स्वतः आले होते. "पोरानं काहीतरी बघितलंय. साफ करा. पुन्हा बघता येणार नाही असं काहीतरी घाला."

त्यानं मशीन चालू केलं. ब्राउझरच्या वरच्या बाजूला दोन अनोळखी टूलबार, होमपेज बदललेलं, आणि कंट्रोल पॅनेलमधल्या यादीत गाणी फुकट उतरवून देणारं एक सॉफ्टवेअर. ओळखीचा नमुना. असली सॉफ्टवेअरं फुकट असतात, कारण त्यांच्याबरोबर जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम गुपचूप बसवला जातो आणि त्याचे पैसे सॉफ्टवेअरवाल्याला मिळतात. बसवताना चार-पाच वेळा 'नेक्स्ट' दाबायचं असतं. मधल्या एका पानावर बारीक अक्षरात टिकमार्क आधीच केलेली असते. नंतर तुम्ही देवाची वेबसाइट उघडा नाहीतर बँकेची, जाहिरात येणारच. त्यासाठी कुणी काही पाहिलेलं असावं लागत नाही.

यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढं तो कधी बसवला ती तारीख असते. हा एका मंगळवारी बसवलेला होता. फाइलची वेळ सकाळी अकराची. आणि त्या फोल्डरात उतरवलेली गाणी सगळी अभंगांची.

तो म्हणतो, त्या वेळी त्याला पाच मिनिटं काही सुचेना. खरं सांगावं तर समोरचा म्हातारा माणूस खाली मान घालणार. सांगू नये तर पोराच्या गालावरचा हात तसाच राहणार. तोवर गिऱ्हाइकाची अब्रू झाकायची म्हणजे गप्प बसायचं, एवढंच त्याला माहीत होतं. इथं एकाची झाकली तर दुसऱ्याची उघडी पडत होती. शेवटी त्यानं मॉनिटर अण्णांकडे वळवला आणि म्हणाला, "सर, ह्या जाहिराती कुणी काही बघितलं म्हणून येत नाहीत. गाण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर येतात. हे असं कुणालाही होतं, रोज दोन मशिनं येतात माझ्याकडं." तारीख त्यानं वाचून दाखवली नाही. अण्णांनीच चष्मा वर सरकवून वाचली. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग "किती झाले?" एवढंच विचारून पैसे देऊन गेले.

सीपीयू न्यायला चार दिवसांनी नातू आला, दिवसाढवळ्या. त्यानं सांगितलं, अण्णांनी त्या दिवशी आलेल्या एकेका पाहुण्याला फोन केला. "ते माझ्या हातून झालं होतं, पोराचा काही दोष नव्हता," असं प्रत्येकाला सांगितलं. सांगताना पोरगं हसत होतं आणि त्याचे डोळे भरले होते.

त्या दिवसापासून त्यानं कामाची रीत बदलली. मशीन घेताना तो पहिलं वाक्य आपणहून बोलतो: "हे कुणालाही होतं." दुसरं, फोटोंचं फोल्डर उघडायचं नाही. बॅकअप घेताना पूर्ण फोल्डर उचलायचं, आत डोकावायचं नाही. ब्राउझरची हिस्ट्री व्हायरस काढायला लागत नाही, म्हणून ती बघायची नाही. दुकानात कामाला ठेवलेल्या प्रत्येक पोराला तो पहिल्या दिवशी हे सांगतो. एकानं एकदा गिऱ्हाइकाचे फोटो उघडून बघितले. त्याला त्यानं त्याच संध्याकाळी हिशेब करून घरी पाठवलं. डॉक्टर आणि वकिलाला जी मर्यादा असते ती दुरुस्तीवाल्यालाही असायला हवी, असं त्याचं मत आहे. लेखकालाही ते पटतं. घरातलं जेवढं डॉक्टरला कळतं, त्याहून जास्त हार्ड डिस्क उघडणाऱ्याला कळू शकतं.

सांगलीत आल्यावर त्याला लाजेची दुसरी बाजू दिसली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि ११ ते १३ तारखेच्या दरम्यान ९४ कोटी ४२ लाख रुपये बाहेर गेले. कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि काही आपल्या शेजारी, कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. बातमी आली त्या आठवड्यात दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, "बँकेलाच लागला होय?" आणि त्याच्या लक्षात आलं, की पुढचे काही दिवस व्हायरसची मशिनं दुपारी येऊ लागली. बँकेला होतं तर आपल्याला झालं यात काय, असं लोकांना वाटलं असणार. महिनाभरानं पुन्हा रात्रीची वेळ सुरू झाली.

वर्षभरानं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला. धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी उतरल्यावर त्याच्या दारात सीपीयूंची रांग लागली. आत चिखल, काहींत मेलेले किडे, हार्ड डिस्कच्या पट्ट्यांवर गाळ. लोक रस्त्यात उभे राहून एकमेकांना सांगत होते, माझा माळ्यावर ठेवला होता तरी बुडाला, माझ्या हिशेबाच्या सात वर्षांच्या फाइली गेल्या. कुणी लपवलं नाही. नदी घरात शिरली यात आपली चूक आहे असं कुणालाच वाटलं नाही, आणि म्हणून सगळे पहिल्याच दिवशी आले. लवकर आले म्हणून, आणि ओली डिस्क घरी चालू करून बघू नका हे त्याचं म्हणणं ऐकलं म्हणून, बऱ्याच जणांचा डेटा वाचला.

आता त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातलं एक घर. खालच्या मजल्यावर पुराचं पाणी येऊन कपाटातले कागदी अल्बम लगदा झालेले. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, आणि त्यावर अल्बमातल्या बऱ्याच फोटोंच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. घरातली मुलगी शिकत होती, डिझाइनचं छोटं-मोठं काम घेत होती. महागडं सॉफ्टवेअर परवडेना म्हणून तिनं नेटवरून त्याचा क्रॅक उतरवला. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना बरोबर होती. तिनं केला. अर्ध्या तासानं तिच्या सगळ्या फाइलींच्या नावांना एक विचित्र शेपटी लागली आणि एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. म्हणजे तेव्हाच्या भावानं पस्तीसेक हजार रुपये.

हे स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावानं ओळखलं जाणारं खंडणीखोर मालवेअर. मोठ्या कंपन्यांच्या मागं न लागता ते घरगुती कॉम्प्युटर गाठायचं, आणि मुख्यतः क्रॅकमधूनच यायचं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरताना लागण झालेला माणूस लाजेनं तोंड उघडत नाही, हे ते पसरवणाऱ्यांच्या पथ्यावरच पडत होतं.

मुलगी सहा दिवस गप्प राहिली. वडिलांनी पूर, विमा, दुरुस्ती यांतून नुकतं डोकं वर काढलं होतं. त्यांना हे कसं सांगायचं? तिला आठवलं, फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. कुणाला कळायच्या आत तिथून फोटो परत टाकू, असं ठरवून तिनं ती डिस्क जोडली. पण ते मालवेअर अजून मशिनात जिवंत होतं. विंडोजच्या कामांच्या यादीत त्यानं स्वतःची नोंद करून ठेवलेली असते आणि दर पाच मिनिटांनी ते पुन्हा जागं होतं. तिच्या डोळ्यांदेखत दुसरी डिस्कही बंद झाली.

सातव्या दिवशी ती आई-वडिलांना घेऊन दुकानात आली. बाप रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. दुरुस्तीवाल्यानं आधी नेटची वायर काढली, मग डिस्कची प्रत करून ठेवली. एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीनं त्याच वर्षी ऑक्टोबरात या मालवेअरच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला होता, पण तो जुन्या प्रकारांना चाले. यांचा नवीन निघाला. फोटो उघडले नाहीत. एक गोष्ट मात्र हाती लागली. हे मालवेअर घाईत असतं, म्हणून प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग, साधारण दीडशे केबी, कुलूपबंद करतं. फोटो तेवढ्यानं निकामी होतो. पण डीव्हीडीवरून उतरवलेली लग्नाची चित्रफीत मोठी होती आणि तिचा बाकीचा सगळा भाग शाबूत होता. शेपटी काढून त्यानं ती चालवली. सुरुवातीचा एक तुकडा गेला होता, पुढं अंतरपाट दिसला. मुलीची आई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. तिच्या वडिलांना, म्हणजे मुलीच्या आजोबांना, चालताना-बोलताना दाखवणारी तेवढीच एक फीत त्या घरात होती.

बिल देताना मुलीनं विचारलं, पहिल्या दिवशी आले असते तर? त्यानं खरं तेच सांगितलं. बाहेरची डिस्क वाचली असती. त्याच क्रॅकबरोबर पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम येत असे, त्यामुळे तिच्या ईमेलचे, बँकेचे पासवर्डही सहा दिवस उघड्यावर होते. ते त्यानं आपल्या मोबाइलवरून तिथल्या तिथं बदलायला लावले.

घरचा कॉम्प्युटर आता अडगळीत गेला. त्याच्या दुकानात महिन्याला जेमतेम आठ-दहा येतात. घरातलं खरं यंत्र आता खिशातला फोन आहे, आणि फसवण्याची तऱ्हा तीच आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. पत्रिकेचं चित्र नसतं, पीडीएफ नसते, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप. ते बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, बँकेचे ओटीपी परस्पर पुढं पाठवतं, आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तुमच्या गोतावळ्याला तीच पत्रिका धाडतं. कधी तिचं नाव वाहतूक दंडाचं चलन असतं, कधी पीएम किसान.

ही युक्तीही जुनीच आहे. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाइल प्रेमपत्राच्या नावाची होती, शेवटची शेपटी विंडोजनं लपवलेली होती, आणि उघडताच ती पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला पोचत होती. तो लिहिणाऱ्या ओनेल डी गुझमानवर खटला उभा राहिला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता. सुमारे वीस वर्षांनी एका पत्रकारानं त्याला शोधलं तेव्हा तो मनिलातल्या एका बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर काम करत होता. फुकट इंटरनेटसाठी पासवर्ड चोरायचे होते, असं त्यानं सांगितलं. काटकर भावांनी दुरुस्तीच्या बाकावरून सुरुवात केली आणि हा माणूस तिथं येऊन थांबला, हे आपल्या दुरुस्तीवाल्याला कळल्यापासून तो ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ पोराला सांगतो.

कराडकडचे एक तात्या गेल्या वर्षी त्याच्याकडं आले. भाच्याच्या नावानं पत्रिका आली, उघडली, उसाच्या बिलाचे जमा झालेले पैसे तीन खेपांत गेले. पहिली खेप रात्रीची, उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशीच्या. तात्यांना पहिल्या मेसेजलाच कळलं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. पोरं म्हणतील, तुम्हाला कुणी सांगितलं होतं बटणं दाबायला. त्यात त्यांच्या फोनवरून पत्रिका साऱ्या भावकीत गेली होती, आणि लोक फोन करून विचारत होते, "तात्या, कुणाचं लगीन?" त्या एका प्रश्नानं त्यांनी दोन दिवस फोन बंद ठेवला. भावकीला सावध करण्याचा तोच तर वेळ होता.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक याबाबत स्पष्ट होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं भरायचं. म्हणजे तात्यांनी त्याच रात्री फोन केला असता तर उरलेल्या दोन खेपांचं ओझं त्यांच्यावर आलं नसतं. ते रात्री जागे होते, फोन हातात होता, नंबर पासबुकावर होता. आडवी आली ती लाज.

त्यानं तात्यांच्या फोनवरचं ॲप काढलं, बँकेत बरोबर गेला, तक्रार लिहून दिली. मग दुकानात परत आल्यावर तात्यांबरोबर आलेल्या थोरल्या मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "त्यांना काही बोलू नका. आज बोललात तर पुढच्या वेळी चार दिवसांनी सांगतील." मुलानं मान हलवली. मग त्यानंच वडिलांच्या फोनवरून भावकीला एकेक मेसेज टाकला: पत्रिका उघडू नका, आमच्याकडे कुणाचं लग्न नाही.

वाचकांना त्याचं एवढंच सांगणं आहे. पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि १९३० या नंबरला फोन करा, मग ज्यांना तुमच्या फोनवरून काही गेलं असेल त्यांना कळवा. नेट बंद करा, बॅकअपची डिस्क जोडू नका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनं मोफत आहेत, ती वापरा. आणि घरात कुणी येऊन सांगितलं की माझ्या हातून असं झालंय, तर कुणी केलं, का केलं, हे त्या दिवशी विचारू नका.

त्याचं दुकान रात्री नऊ वाजता बंद होतं. सकाळी दहाला उघडतं. सकाळी या.